थिबा राजवाडा कुणाचा?

जालन्याकडच्या शाळांच्या सहली कोकणात गेल्या की रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहून येतात. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. जांभ्या दगडाचे बांधकाम, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार कोरीव खिडक्या. मुले 'राजाचा वाडा' पाहून परततात. चिरे कुणी काढले, कुणी वाहिले, हे कुणी विचारत नाही.

वास्तविक हा इंग्रजांनी बांधलेला कैदखाना. १८८५ मध्ये त्यांनी ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केले, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. वाडा १९१० मध्ये पुरा झाला. १९१६ मध्ये राजा वारला.

तो बौद्ध होता म्हणून आपण हळवे व्हायचे कारण नाही. १८७९ मध्ये त्याची गादी निर्वेध करण्यासाठी राजघराण्यातली बायकापोरेसुद्धा मारली गेली.

मला मोलाची वाटते ती त्याची नात, टूटू. थोरली राजकन्या आणि पहाऱ्यावरचा गोपाळ सावंत यांची ही मुलगी. १९१९ मध्ये राजकुटुंब मायदेशी परतले. या मायलेकी मात्र पुन्हा रत्नागिरीला आल्या. टूटूने तिथेच एका मोटारचालकाशी संसार केला. मराठीत बोलत, दारिद्र्यात दिवस काढत ती २००० मध्ये वारली. सहलीतल्या मुलांना तिचे नाव कुणी सांगत नाही.