पेटी, कॅसिओ आणि दरबारीचा गंधार

आपल्या श्रूजबरीत गणेशोत्सवाची तालीम कोणाच्याही बेसमेंटमध्ये असो, कोपऱ्यात एक कीबोर्ड असतोच. मुलांना क्लासला घातलं की तो घरात येतो आणि मुलं कॉलेजात गेली की आरतीसाठी उरतो. सांगलीहून आलेल्या माझ्या वडिलांनी एकदा आमच्या कीबोर्डवर दरबारीचा गंधार शोधला. कोमल गंधाराची पट्टी दोनदा दाबून म्हणाले, "अरे, हा चढा आहे. आणि हलतही नाही!"

ही तक्रार जुनीच. सांगलीच्याच कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली २२ श्रुतींवर पुस्तक लिहिलं. ते आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांच्या खटपटीतून श्रुतींची पेटीही निघाली, पण रुळली नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. आक्षेप हाच, की स्वर ठोकून बसवलेले आणि मींड नाही. (नाटकवेड्यांनी ऑर्गन सोडला नाही. मी त्यांच्यातलाच.)

गंमत म्हणजे सिंथेसायझर आला तेव्हा त्याला मींड येत होती. क्विन्सिगॅमंड तळ्यापलीकडे, वूस्टरच्या डब्ल्यूपीआयमधून १९४८ साली अ‍ॅलन आर. पर्लमन इंजिनिअर झाले. १९६९ साली त्यांनी आपल्या मॅसॅच्युसेट्समध्येच एआरपी ही कंपनी काढली. तेव्हाच्या सिंथेसायझरचा सूर खोलीच्या तापमानाबरोबर ढळे. पर्लमननी सुराचं नियंत्रण करणारे जोडीचे ट्रान्झिस्टर एकाच चिपवर बसवले. दोघं एकदमच तापत, त्यामुळे सूर टिके. या यंत्रांत स्वर म्हणजे विजेचा दाब. तो हळूहळू चढवला की झाली मींड! १९७२ च्या ओडिसीत त्यासाठी सरकती कळच होती. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली, तीही अशा घसरत्या स्वरांच्या यंत्रांवर.

घराघरांत मात्र पोचला तो कॅसिओ. १९८० च्या कॅसिओटोन २०१ मध्ये २९ वाद्यांचे आवाज होते, एका वेळी आठ स्वर वाजत. पण प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला. दोष कसा देणार? त्यांचं गिऱ्हाईक कॉर्ड धरणारं होतं, दरबारी आळवणारं नव्हे. यामाहाच्या डीएक्स-७ ला १९८३ साली स्वर वाकवायचं चाक होतं खरं, पण ते वाद्य व्यावसायिकांचं. त्याची किंमत आमच्यासारख्यांना परवडायची नाही.

पुढे एका गराज सेलमध्ये मला तसं चाक असलेला जुना कीबोर्ड मिळाला. वडिलांनी उजव्या हाताने पट्टी धरली, डाव्याने चाक किंचित मागे ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. जेवण निवलं तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "हां, आता जवळ आला."

आरतीला मात्र त्यांनी पेटीच मागितली.