जुन्या घरगुती संगणकाला स्लॉट आणि साठवण जोडणे : स्पेक्ट्रम प्लसचे उदाहरण

जुन्या संगणकाच्या मूळ रचनेत नसलेली साधने (प्रिंटर, जॉयस्टिक, डिस्क, मेमरी कार्ड) त्याला जोडता यावीत म्हणून प्रोसेसरच्या तारा बाहेर आणून ठेवलेल्या असतात. ही जागा मदरबोर्डवर खाचेच्या रूपात असली तर तिला एक्स्पान्शन स्लॉट म्हणतात. बोर्डाची नुसती कडाच बाहेर काढलेली असली तर ती एज कनेक्टर. १९८० च्या दशकातील स्वस्त घरगुती संगणकांत बहुधा दुसरा प्रकार आढळतो. अशा संगणकाला आज स्लॉट वाढवून साठवणीची सोय करता येते, मात्र चुकीची जोडणी झाल्यास चाळीस वर्षे टिकलेले यंत्र एका क्षणात निकामी होऊ शकते. महाराष्ट्राशी थेट संबंध असलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस या संगणकाच्या आधारे हा विषय येथे समजावून घेतला आहे.

पुण्याचा स्पेक्ट्रम

ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. त्यात ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, १६ किलोबाइट रॉम आणि १६ किंवा ४८ किलोबाइट रॅम होती. चित्र घरच्या टीव्हीवर दिसे आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर साठवले जात. १९८४ मध्ये आलेल्या स्पेक्ट्रम प्लसचा कळफलक चांगला होता आणि त्याला रीसेटचे बटण होते. आतली रचना मात्र ४८ किलोबाइटच्या जुन्या स्पेक्ट्रमचीच होती.

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच संगणकाची परवानाप्राप्त आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात आणली. त्याच सुमारास, १९८४-८५ पासून, केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. शाळेत बीबीसी आणि घरी स्पेक्ट्रम अशी त्या पिढीतील काही मुलांची संगणकाशी पहिली ओळख झाली. आज माळ्यावरच्या खोक्यात असा एखादा संगणक सापडला, तर त्याच्यासोबत कॅसेटीही सापडण्याची शक्यता असते. साठवण जोडण्यामागे आज केवळ हौस नसते. त्या कॅसेटींवर घरच्या कोणी तरी लिहिलेले प्रोग्रॅम असू शकतात, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नसते.

एकच कडा, अनेक तारा

अमेरिकेत १९७७ मध्ये आलेल्या ॲपल टू संगणकात आठ स्लॉट होते. प्रत्येक स्लॉटला पत्त्यांचा स्वतंत्र गट राखून ठेवलेला असल्याने दोन कार्डे सहसा एकमेकांच्या आड येत नसत. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये पाच स्लॉट होते. स्पेक्ट्रममध्ये किंमत कमी ठेवण्यासाठी एकही स्लॉट दिलेला नाही. मागच्या बाजूला बोर्डाची कडा उघडी ठेवलेली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून ५६ जागा आहेत. पाचव्या क्रमांकाशी एक चीर आहे. जोडायच्या कनेक्टरमध्ये त्या ठिकाणी छोटा तुकडा बसवलेला असतो, त्यामुळे कनेक्टर चुकीच्या जागी बसू शकत नाही.

या कडेवर पत्त्याच्या १६ तारा, डेटाच्या ८ तारा, वाचणे-लिहिणे व व्यत्यय यांचे संकेत आणि वीजपुरवठा असे जवळजवळ सगळे उपलब्ध आहे. म्हणजे प्रोसेसरच्या तारा जवळपास थेट हाताशी येतात. ही सोयही आहे आणि धोकाही आहे. पाच व्होल्ट आणि नऊ व्होल्ट यांच्या जागा अगदी शेजारी आहेत. चिरेतला तुकडा नसलेला कनेक्टर एक जागा सरकून बसला, तर पाच व्होल्टची अपेक्षा असलेल्या कार्डाला नऊ व्होल्ट मिळतात.

एका कडेवर दोन साधने

एका कडेचे अनेक स्लॉट करण्यासाठी बॅकप्लेन वापरतात. ही समांतर तारांची एक पट्टी असते आणि तिच्यावर ओळीने कनेक्टर बसवलेले असतात. मात्र पट्टी लावली म्हणजे सगळी कार्डे एकत्र चालतीलच असे नाही. त्यात तीन अडचणी येतात.

पहिली अडचण पत्त्याची. स्पेक्ट्रममध्ये साधनांना हाक मारण्यासाठी पोर्ट क्रमांक असतात, पण स्वस्त साधने तो क्रमांक पूर्ण वाचत नाहीत. एखाददुसरी तार पाहून ‘हाक आपल्यालाच आहे’ असे ठरवतात. संगणकाची स्वतःची मुख्य चिप, यूएलए, कोणत्याही सम क्रमांकाच्या पोर्टला उत्तर देते. केम्पस्टन प्रकारचा जॉयस्टिक ३१ क्रमांकाच्या पोर्टवर असतो. दोन साधनांनी एकाच हाकेला उत्तर दिले, तर डेटाच्या तारांवर एक ‘शून्य’ आणि दुसरे ‘एक’ लादू पाहते. परिणामी चुकीची माहिती मिळते आणि चिपांवर ताण येतो.

दुसरी अडचण रॉमची. कडेवर रॉमसीएस नावाची एक तार आहे. ती बाहेरून उंच पातळीवर धरली की संगणकाची स्वतःची रॉम बाजूला होते आणि त्या जागी कार्डावरची रॉम दिसू लागते. साठवणीची बहुतेक साधने हीच युक्ती वापरतात. एका वेळी दोन कार्डांनी आपापली रॉम पुढे केली तर संगणक सुरूच होत नाही.

तिसरी अडचण भाराची. झेड८० च्या तारा थोड्याच चिपांना संकेत पुरवू शकतात. कार्डे वाढली आणि पट्टी लांबली की संकेत मंद व अस्पष्ट होतात. म्हणून चांगल्या बॅकप्लेनवर बफर चिपा असतात. पट्टी शक्य तितकी आखूड असणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

मेमरी आणि साठवण यांतला फरक

पत्त्याच्या १६ तारांवरून ६५,५३६ वेगवेगळे पत्ते तयार होतात. त्यांपैकी १६,३८४ रॉमला आणि ४९,१५२ रॅमला दिले की जागा संपते. मग अशा संगणकाला ८ गिगाबाइटचे कार्ड कसे चालते?

कारण साठवणीतला प्रत्येक बाइट प्रोसेसरच्या पत्त्यांत बसावा लागत नाही. कार्ड एका पोर्टच्या पलीकडे असते. प्रोसेसर ‘अमुक क्रमांकाचा ठोकळा दे’ असे सांगतो आणि ५१२ बाइटचा तो ठोकळा पोर्टमधून एकेक बाइट घेऊन रॅममध्ये ठेवतो. गोदाम कितीही मोठे असले तरी दुकानाच्या फळीवर मावेल तेवढाच माल एका वेळी आणायचा, तसेच हे आहे. स्पेक्ट्रमच्या ४८ किलोबाइट रॅमची संपूर्ण प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, सुमारे ४९ हजार बाइटची असते. त्या हिशेबाने ८ गिगाबाइटच्या कार्डावर अशा दीड लाखांच्या आसपास प्रती मावतात.

प्रत्यक्ष मेमरी वाढवायची तर बहुधा संगणक उघडावा लागतो. १६ किलोबाइटचा मूळ स्पेक्ट्रम ४८ किलोबाइटचा करताना आठ मेमरी चिपा आणि चार तर्क चिपा बसवत. स्पेक्ट्रम प्लसमध्ये ४८ किलोबाइट आधीपासूनच असल्याने त्याला या कामाची गरज नसते.

कॅसेटपासून कार्डापर्यंत

कॅसेटवरून माहिती साधारण १,५०० बिट प्रतिसेकंद या वेगाने येते. पूर्ण ४८ किलोबाइट भरायला चार-साडेचार मिनिटे लागतात आणि शेवटच्या क्षणी चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सिंक्लेअरने १९८३ मध्ये यावर ‘इंटरफेस वन’ आणि ‘मायक्रोड्राइव्ह’ हा उपाय आणला. मायक्रोड्राइव्हच्या लहानशा काडतुसात अखंड फिरणारी अरुंद फीत असे आणि तीवर किमान ८५ किलोबाइट मावत. फीत काही सेकंदांत पूर्ण फिरत असल्याने हवी ती फाइल लवकर सापडे. एका इंटरफेसला आठ मायक्रोड्राइव्ह जोडता येत. मात्र ही फीत ताणली जाते, आणि तिला हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा काळाच्या ओघात झडतो.

आजचा रूढ उपाय म्हणजे डिव्हएमएमसी प्रकारचे कार्ड. त्यात एसडी कार्डाची जागा, स्वतःची रॉम व रॅम असते आणि बहुधा ईएसएक्सडॉस ही प्रणाली चालवली जाते. आजच्या संगणकावर तयार केलेले फॅट३२ पद्धतीचे कार्ड ती वाचू शकते. प्रोसेसर रॉममधील ठरावीक पत्त्यांवर पोहोचला की हे कार्ड आपली रॉम पुढे करते. त्यांपैकी एक पत्ता कॅसेट वाचण्याच्या कामातला आहे. त्यामुळे कार्डावरील कॅसेटची फाइल जोडून ठेवली असेल, तर ‘लोड’ आज्ञा दिल्यावर संगणक कॅसेट वाचतो आहे असे समजतो आणि प्रत्यक्षात माहिती कार्डावरून येते. बटण दाबून चालू प्रोग्रॅम थांबवता येतो आणि त्याचा स्नॅपशॉट घेता येतो.

येथे आधीच्या तिन्ही अडचणी आठवाव्यात. इंटरफेस वन आणि डिव्हएमएमसी ही दोन्ही साधने पत्ता ८ वर रॉम बदलतात, आणि २३१ क्रमांकाचा पोर्टही दोन्ही वापरतात. म्हणून बॅकप्लेनवर जागा असली तरी ही दोन्ही एकत्र लावू नयेत.

पेण-रोह्याच्या हवेत

पुण्याच्या कोरड्या हवेत राहिलेला संगणक आणि रायगडमध्ये राहिलेला संगणक यांच्या अवस्थेत फरक पडतो. पेण तालुक्याला धरमतर खाडीचा शेजार आहे, रोहे कुंडलिका नदीकाठी आहे आणि दोन्हीकडे पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते. उघड्या कडेवरची तांबे-कथिलाची बोटे अशा हवेत काळी किंवा हिरवट पडतात. खारट वाऱ्याने हे लवकर होते. हवेत गंधकाची संयुगे असतील तर तांबे काळवंडते, त्यामुळे रोह्याजवळच्या धाटावसारख्या रासायनिक कारखान्यांच्या परिसरात विशेष लक्ष ठेवावे.

गंजलेल्या कडेचा दोष फसवा असतो. कार्ड कधी चालते, कधी नाही, आणि संशय कार्डावर जातो. कड साफ करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणारे कापड वापरावे; हट्टी डागांवर साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा. सॅंडपेपर वापरू नये, त्याने धातूचा पातळ थरच निघून जातो. काम झाल्यावर संगणक आणि कॅसेटी सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात.

जोडणीचा क्रम

१. प्रथम अडॅप्टर तपासावा. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट, १.४ अँपिअर लागतात आणि पिनचा मध्यभाग ऋण असतो. आजच्या बहुतेक अडॅप्टरांत तो धन असतो, त्यामुळे पिन बसते म्हणून अडॅप्टर चालेल असे समजू नये.

२. संगणक कोणतेही कार्ड न लावता चालवून पाहावा. आतील ५, १२ आणि उणे ५ व्होल्ट मीटरने मोजावेत. पहिल्या १६ किलोबाइटच्या मेमरी चिपांना हे तिन्ही लागतात. उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले की त्या चिपा लवकरच जळतात.

३. वीज बंद करूनच कार्ड लावावे किंवा काढावे. चालू स्थितीत कार्ड हलले आणि कडेवरचे दोन संपर्क एकमेकांना चिकटले, तर वीजपुरवठ्यातील एक ट्रान्झिस्टर आणि त्यामागोमाग मेमरी चिपा जाणे हा या संगणकाचा सर्वांत परिचित अपघात आहे. त्यामुळे जड कार्डाखाली आधार द्यावा.

४. कनेक्टरच्या चिरेत तुकडा आहे याची खात्री करावी.

५. आधी फक्त साठवणीचे कार्ड लावावे. ते नीट चालले की बॅकप्लेन आणि मग एकेक साधन जोडावे. अडथळा आला तर शेवटी जोडलेले साधन काढून पाहावे.

६. कार्डे वाढली की पाच व्होल्ट देणारा रेग्युलेटर अधिक तापतो. अर्ध्या तासाने संगणक अडखळू लागला तर कार्डाला दोष देण्याआधी ही उष्णता तपासावी.

आधी कॅसेटी

साठवण जोडल्यावर इंटरनेटवरील खेळ भरण्याचा मोह होतो. ते खेळ पुढच्या वर्षीही मिळतील, पण घरातील कॅसेटी पावसाळ्यागणिक खराब होत जातात. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती थेट वाजवू नये, कारण बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागून पुढच्या कॅसेटीवर जाते. चांगल्या स्थितीतील कॅसेट प्रथम आजच्या संगणकावर ध्वनी म्हणून उच्च दर्जात रेकॉर्ड करावी आणि ती मूळ नोंद न बदलता जपून ठेवावी. वेगळी प्रत घेऊन तिच्यापासून स्पेक्ट्रमला समजणारी फाइल बनवता येते. पहिल्या प्रयत्नात फाइल बनली नाही, तरी ध्वनीची नोंद हाताशी असल्याने फीत पुन्हा झिजवावी लागत नाही.

यंत्राबाबतही हीच सावधगिरी उपयोगी आहे. कडेवर लावलेले कार्ड केव्हाही काढता येते आणि संगणक मूळ रूपात परत येतो. पेटी कापणे, बोर्डावर भोके पाडणे किंवा मूळ चिपा उपटणे हे बदल मात्र पुसता येत नाहीत. पुण्याच्या शिक्क्याचे संगणक आता नव्याने बनणार नाहीत. म्हणून जे काम बाहेरून जोडून भागते, त्यासाठी आत हात घालण्याचे कारण नसते.