एव्हरेस्ट : एक शिखर, तीन कसोट्या



‘हे फॅक्ट आहे’ असं सर्व्हेअर म्हणतो, भूगर्भशास्त्रज्ञ म्हणतो आणि इतिहासकारही म्हणतो. पण तिघांची कसोटी एक नसते. ती वेगळी का, हे आज एकाच उदाहरणातून पाहू : एव्हरेस्ट.

आधी सर्व्हेअर. 1802 मध्ये विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेषा मोजली आणि तिच्यावरून त्रिकोणांची साखळी देशभर न्यायला सुरुवात केली. ही साखळी हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली, तेव्हा नेपाळमध्ये प्रवेश नव्हता. म्हणून 1849-50 मध्ये शंभराहून अधिक मैलांवरून, तराईतल्या सहा ठाण्यांवरून ‘शिखर 15’चे कोन घेतले गेले. हवेतून येताना प्रकाश वाकतो, त्याचा हिशेब कलकत्त्याच्या कचेरीत झाला. तिथले मुख्य ‘कॉम्प्युटर’ होते राधानाथ सिकदार. त्या काळी कॉम्प्युटर हा माणसाचा हुद्दा होता. 1856 मध्ये सर्व्हेअर जनरल अँड्र्यू वॉ यांनी उंची जाहीर केली : 29,002 फूट.

पुढं 1955 मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागानं 8,848 मीटर म्हणजे 29,028 फूट सांगितलं. 2005 मध्ये चीननं 8,844.43 मीटर सांगितलं, तर 2020 मध्ये नेपाळ आणि चीननं मिळून 8,848.86. मग खोटं कोण बोललं? कुणीच नाही. 2005 चा आकडा बर्फाखालच्या खडकापर्यंतचा होता, 2020 चा माथ्यावरच्या बर्फासकट. सर्व्हेअरचं तथ्य म्हणजे आकडा, पण कुठून कुठपर्यंत मोजलं आणि चूक किती असू शकते, हे सोबत हवं. चीननं आपल्या आकड्यासोबत ‘21 सेंटिमीटर इकडे-तिकडे’ असं लिहिलं होतं. तो कमकुवतपणा नव्हे, प्रामाणिकपणा आहे.

आता भूगर्भशास्त्रज्ञ. एव्हरेस्टच्या माथ्यावर चुनखडी आहे आणि तिच्यात सागरी जीवांचे अवशेष आहेत. म्हणजे हा दगड कधीकाळी समुद्राच्या तळाशी होता. हे पाहायला कुणी माणूस नव्हता, कुठं कागदही नाही. तरी ते तथ्य आहे, कारण दगड स्वतः साक्ष देतो आणि कुणीही जाणकार तो तपासू शकतो.

इतिहासकाराचं काम याहून अवघड. एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल : सिकदार धावत वॉ यांच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, ‘साहेब, जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं!’ गोष्ट छान आहे. पण 1852 मध्ये सिकदार कलकत्त्याला होते आणि वॉ यांची कचेरी डेहराडूनला. धावत जाण्याजोगं ते अंतर नव्हे.

मग सिकदारांचं श्रेयच खोटं ठरतं का? मुळीच नाही. 1851 मध्ये भारतीय सर्वेक्षणाची एक मोठी पुस्तिका छापली गेली. तिच्या प्रस्तावनेत सिकदारांनी लिहिलेल्या भागाबद्दल स्पष्ट ऋणनिर्देश होता. 1870 मध्ये ते वारले. 1875 च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो ऋणनिर्देश गायब झाला. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या इंग्रजांच्याच वर्तमानपत्रानं त्यावर टीका केली, मृताची लूट म्हटलं. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा, अन्याय डोळ्यांना दिसतो. हे इतिहासातलं तथ्य.

इथंच आपलं नुकसान होतं. आपण धावत गेल्याची गोष्ट सांगतो. कुणी ती खोडली की सिकदारांचं खरं काम आणि त्यांच्यावरचा खरा अन्यायही लोकांना संशयास्पद वाटू लागतो. आपल्या माणसाचा मान राखायचा, तर कच्चा पुरावा आपणच आधी बाजूला काढायला हवा.

अनेक देशांच्या सैन्यांत खबर आली की तिला दोन वेगळे शेरे देतात. खबर देणारा किती भरवशाचा, हे अक्षरानं आणि खबर स्वतः किती पक्की, हे आकड्यानं. भरवशाचा माणूसही चुकीची खबर आणू शकतो, म्हणून दोन्ही एकत्र करत नाहीत. फोनवर आलेल्या इतिहासालाही हीच शिस्त लावा. पाठवणारा भला आहे, हे ठीक. पण हे मोजलेलं आहे, दगडात दिसतं, की कागदावर आहे? तिन्हींपैकी काहीच नसेल, तर ती गोष्ट आहे. गोष्ट म्हणून खुशाल सांगा, तथ्य म्हणून पुढं पाठवू नका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!