मक्ता, तपासनीस आणि रिकामा खजिना

१/ जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा गोदाकाठ निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. पैशांच्या टंचाईत सरकारने स्वतःचे नोकर आणि स्वतःची तपासणी सोडून दिली, तर काय घडते, हे या राज्याने एकोणिसाव्या शतकात अनुभवले. त्याचीच ही हकिकत. #धागा

२/ शतकाच्या आरंभी राज्याचा कारभार प्रत्यक्षात पेशकार चंदूलाल यांच्या हाती आला. फौजेचा खर्च अवाढव्य आणि उत्पन्न तोकडे. त्यावर उपाय होता मक्त्याचा. जो अधिक रक्कम देईल, त्याला तालुक्याचा सारा वसूल करण्याचा अधिकार मिळे.

३/ वरवर पाहता यात सरकारचा फायदाच दिसे. कारकून आणि शिपाई मक्तेदाराचे, त्यांचे पगारही त्याच्याच माथी, शिवाय पैसे आगाऊ हाती. परंतु वसुलीवर नजर ठेवणारा कोणी उरला नाही. मक्ता उद्या दुसऱ्याला जाईल या धास्तीने मक्तेदार रयतेकडून मिळेल तितके उकळू लागले. गावे ओस पडली, उत्पन्न आणखी घटले.

४/ मग कर्जे आली. १८२० मध्ये हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या पेढीचे ६० लाख रुपयांचे कर्ज मंजूर झाले. त्याच वर्षी रेसिडेंट म्हणून आलेल्या चार्ल्स मेटकाफ यांनी या व्यवहारातील लबाडी उजेडात आणली.

५/ मेटकाफ यांनी दुसरेही एक पाऊल उचलले. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत देखरेखीसाठी इंग्रज अधिकारी नेमले. गावागावाशी काही वर्षांसाठी साऱ्याचा ठराव करायचा आणि त्याहून अधिक वसूल झाल्यास रयतेची तक्रार ऐकायची, हे त्यांचे काम. वसुली मात्र निजामाच्याच अंमलदारांकडे राहिली.

६/ पण हे तपासनीस परके होते. त्यांच्यामुळे निजामाच्या अधिकाराला बाध येत होता आणि चंदूलाल यांनाही ते खुपत होते. १८२९ मध्ये गादीवर येताच निजाम नासिरुद्दौला यांनी त्यांना हटवण्याची मागणी केली. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी ती मान्य केली.

७/ ही मागणी गैर म्हणता येणार नाही. चूक झाली ती पुढे. परके तपासनीस गेले, पण त्यांच्या जागी राज्याने स्वतःची तपासयंत्रणा उभी केली नाही. मक्ते पुन्हा फोफावले. सावकार, अरब व रोहिले जमादार यांच्याकडे तालुके गहाण पडले. कर्ज देणारा आणि सारा वसूल करणारा एकच झाला.

८/ १८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाले. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) अशा ठाण्यांवरील कंटिंजंट फौजेचे पगार थकत गेले. ती बाकी कंपनीने निजामाच्या नावे कर्ज म्हणून मांडली. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या ताब्यात गेले.

९/ त्याच महिन्याच्या अखेरीस २४ वर्षांचे सालारजंग दिवाण झाले. खजिना रिकामा असताना पगारी नोकर नेमायचे कसे? त्यांनी सारे एका दिवसात बदलण्याचा हट्ट धरला नाही. गहाण तालुके क्रमाक्रमाने सोडवले आणि तेथे मक्तेदाराऐवजी पगारी तालुकदार बसवले.

१०/ १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली. जिल्ह्यावर तालुकदार, त्याच्या हाताखाली तहसीलदार, अशी सरकारी नोकरांची उतरंड उभी राहिली. अनुभवी माणसे हवीत म्हणून उत्तर हिंदुस्थानातून अधिकारी आणले गेले. त्यातूनच पुढे मुलकी-गैरमुलकी वाद पेटला. सुधारणेलाही किंमत मोजावी लागलीच.

११/ वऱ्हाड जाण्यामागे कंपनीचा लोभ आणि दडपण होतेच. सारा दोष मक्त्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल. परंतु तपासनीसाचा पगार दरसाल खर्चाच्या रकान्यात दिसतो, त्याच्या अभावी बुडालेला सारा मात्र कोणत्याच रकान्यात दिसत नाही. म्हणून टंचाईच्या काळात पहिली कुऱ्हाड बहुधा त्याच्यावरच पडते.

१२/ मराठवाड्यातील आपल्या घरी जुने मोडी कागद असतील, तर ते रद्दीत घालू नका. ‘कौल’, ‘मक्ता’, ‘जमाबंदी’ हे शब्द त्यांत सापडले, तर आपल्या गावाचा हिशेब तेव्हा कोण तपासत होते, हे कदाचित त्यांतूनच उलगडेल.