पदांमागची माणसे

मराठी संगीत नाटकाविषयी बोलावयास उभे राहिले, की समोरचा श्रोतृवर्ग दोन भागांत विभागला जातो, असा आमचा अनुभव आहे. एका भागास नाट्यपदाचे पहिले सूर ऐकताच मान डोलवावीशी वाटते. दुसऱ्यास तेच सूर ऐकताच घड्याळाकडे पाहावेसे वाटते. पहिला भाग वयाने मोठा आणि दरवर्षी संख्येने घटणारा; दुसरा वयाने लहान आणि वाढणारा. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या भागाशी. ‘आम्हांला रागदारी कळत नाही; मग ही नाटके आम्ही पाहावी कशासाठी?’ हा त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि ‘ही आपली थोर परंपरा आहे’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे, की ही नाटके रागदारी जाणणाऱ्यांसाठी लिहिलीच गेली नव्हती. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनी पदांसाठी ज्या चाली घेतल्या त्यांत साकी, दिंडी, कीर्तनातील व घरोघरच्या बायकांच्या गाण्यांतील चाली होत्या, लावणीचा ढंग होता, कानडी मुलखातले सूर होते. म्हणजे श्रोत्याच्या कानात आधीच असलेले सूर घेऊन किर्लोस्कर कालिदासाकडे गेले. विद्वानांच्या पेटीतली शकुंतला त्यांनी ओसरीवर आणून बसविली, असे म्हटले तरी चालेल.

असा प्रकार जगात याआधीही एकदा घडला होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील फ्लॉरेन्स शहरी काही विद्वान व गायक एकत्र जमत. प्राचीन ग्रीक नाटके गाऊन सादर होत असली पाहिजेत, अशी त्यांची समजूत होती आणि ती नाटके पुन्हा जिवंत करण्याचा त्यांचा संकल्प होता. ग्रीक नाटक काही परत आले नाही. पण त्या खटाटोपातून ऑपेरा जन्मास आला. 1607 साली माँतेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ झाला आणि त्या प्रकारास भक्कम पाया मिळाला. जुने परत आणावयास जावे आणि हाती नवेच काही यावे, असे कलेच्या इतिहासात अनेकदा होते. किर्लोस्करांचेही तेच झाले.

आता ‘सौभद्र’ घ्या. 1882 साली ते रंगभूमीवर येऊ लागले. कथा महाभारतातली, पण नाटकात घडते काय? एका घरात बहिणीच्या लग्नावरून दोघा भावांचे मत जुळत नाही. थोरल्याने, बलरामाने, स्थळ ठरवून टाकले आहे. बहिणीचे मन दुसरीकडे गुंतले आहे. धाकटा भाऊ कृष्ण थोरल्याच्या तोंडावर काही बोलत नाही. पण आतून सारी सूत्रे हलवितो. द्वारकेतला हा पेच आमच्या शुक्रवार पेठेत वा मंगळवार पेठेत कोणी पाहिला नाही काय? थोरल्याचा मान राखून धाकटीचे सुख कसे साधावे, हा प्रश्न पुराणातला नसून घरातला आहे. म्हणून ‘सौभद्र’ टिकले.

‘सौभद्रा’त पेच गोड होतो, गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’त तो जीवघेणा होतो. हरिपूरचे देवल हे किर्लोस्करांचे शिष्य. पण गुरूने पुराणकथा घेतल्या, आणि शिष्याने 1899 साली आपल्या भोवतालचा समाजच सुरावर बांधला. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नावाच्या धनिक म्हाताऱ्यास देऊ पाहतो. पाश्चात्त्य ऑपेरातही तरुण मुलीशी लग्न करू पाहणारे म्हातारे पुष्कळ आहेत. रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ यात असा एक आहे. 1843 साली, म्हणजे विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले त्याच वर्षी, पॅरिसला झालेल्या दोनिझेत्तीच्या ‘दोन पास्क्वाले’त दुसरा. पण तेथे म्हातारा फजीत होणार हे प्रेक्षकास पहिल्यापासून ठाऊक असते; मुलगी त्यास पुरून उरते. देवलांचा भुजंगनाथही हास्यास्पद आहे, परंतु आपण हसत असतानाच शारदेच्या गळ्याभोवतीचा फास आवळत जातो. हसणे आणि भय एकाच अंकात नांदविणे हे देवलांचे खरे सामर्थ्य होय.

आणखी एक गोष्ट तरुण वाचकांनी मुद्दाम पाहावी. हे लग्न अखेर मोडते, ते मुलगी नको म्हणते म्हणून नव्हे. ते मोडते वधूवर सगोत्र निघतात म्हणून. काही टीकाकारांस हा नाटकाचा दोष वाटला. आम्हांस त्यात त्या काळाची साक्ष दिसते. 1891 साली संमतिवयाची मर्यादा दहावरून केवळ बारा वर्षे करण्याचा कायदा झाला, तर त्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! अशा समाजात मुलीचा नकार हे लग्न मोडण्यास पुरेसे कारण होऊ शकत नव्हते. शास्त्रास शास्त्रानेच अडवावे लागत होते. पुढे 1929 साली बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला. लोक त्यास ‘शारदा कायदा’ म्हणू लागले, आणि पुष्कळांस वाटते की ते नाव नाटकावरून पडले. वस्तुतः ते कायद्याचे पुरस्कर्ते अजमेरचे हरविलास सारडा यांच्या आडनावावरून पडले. गैरसमज खरा, पण तो मराठी माणसांत सहज रुजला, यातच शारदेने त्यांच्या मनात केवढी जागा मिळविली होती ते दिसते. आजही एखाद्या गावी बालविवाह रोखल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. ती वाचणाऱ्यास ‘शारदा’ परकी वाटण्याचे कारण नाही.

या शारदेचा आमच्या कोल्हापूरशी निकटचा संबंध आहे. 1890 साली येथे जन्मलेले केशवराव भोसले लहानपणीच ‘स्वदेशहितचिंतक’ मंडळीत गेले आणि शारदेच्या भूमिकेने गाजले. घरच्यांनी दुसऱ्याच्या हाती सोपविलेल्या मुलीचे दुःख, बालपणीच घर सोडून कंपनीच्या बिऱ्हाडी राहणारा एक मुलगा गात होता! त्या सुरांत प्रेक्षकांस नुसती तयारी ऐकू आली नसणार. हाच मुलगा सतरा वर्षांचा असताना 1908 साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ स्थापन करतो आणि पुढे मामा वरेरकरांचे हुंड्यावरचे ‘हाच मुलाचा बाप’ रंगभूमीवर आणतो, हा केवळ योगायोग आम्ही मानीत नाही.

8 जुलै 1921 रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर व बालगंधर्व भामिनी. खाडिलकरांच्या त्या नाटकास चाली दिल्या होत्या आमच्याच परिसरातील सांगवड्याच्या गोविंदराव टेंब्यांनी. गरीब म्हणून झिडकारलेला वीर आणि श्रीमंतीचा तोरा उतरून माणूस ओळखावयास शिकलेली मुलगी, असे ते कथानक. आणि ते उभे करीत होते दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, आपापला मान क्षणभर बाजूस ठेवून. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, 4 ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघे एकतीस.

मग ही माणसे पदांमागे दडली कशी? दोष एकाचा नाही. बैठकीच्या गायकीने पदे फुलत गेली, ‘वन्स मोअर’ने ती लांबली, कथानक विंगेत ताटकळत राहिले. पुढे तीन मिनिटांच्या तबकडीने पद घरोघर नेले, पण नाटक मागेच ठेवले. आज मैफलीत पद ऐकणाऱ्यास ते कोण, कोणास, कोणत्या संकटात म्हणत आहे, हे बहुधा ठाऊक नसते. उपाय साधा आहे. पद गाण्यापूर्वी दोन वाक्यांत प्रसंग सांगावा, शाळेत ‘शारदे’चा एक प्रवेश मुलामुलींकडून वाचून घ्यावा, प्रयोग आटोपशीर करावा. राग मागाहून कळेल, न कळला तरी बिघडत नाही. शारदेचे भय कळले म्हणजे झाले.

शाहू महाराजांनी 1915 साली खासबागेत कुस्तीच्या मैदानाला लागून पॅलेस थिएटर उभे केले. पुढे त्यास केशवरावांचे नाव मिळाले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. त्या रात्री कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. ज्यांनी तेथे कधी नाटक पाहिले नव्हते, तेही हळहळले. ते दुःख खरेच होते. पण भिंती आणि छप्पर पुन्हा उभारता येते. त्यासाठी निधी लागतो, गवंडी लागतात. रंगमंचावर शारदा पुन्हा उभी राहावयाची, तर तिचे म्हणणे ऐकणारा कोणी तरी समोरच्या खुर्चीत बसलेला लागतो. ती खुर्ची भरण्याचे काम सरकारचे नव्हे. ते तुमचे आमचे आहे.