वही कोणाच्या गल्ल्यात?

मंगरूळपीरच्या बाजारात दुकान चालवणाऱ्यांसाठी आज हिशेबाची गोष्ट, पण 1875 ची.

12 मे, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या दारात गेले आणि मागितलं काय? कर्जरोखे अन् हिशेबाच्या वह्या. हाती लागल्या त्या जाळल्या. कारण लिहिणारा एकच, वाचणाराही तोच. भरलेला हप्ता जमेला पडला की नाही, कुळाला कळणार कसं? आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेस एकाकडे आणि एडिटचा हक्कही त्यालाच.

मग 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात लेखी पावती, वर्षाचा हिशेब, पासबुक, हे सगळं होतं. पण ते पुणे, सातारा, सोलापूर, नगर एवढ्यापुरतं. आपण वऱ्हाडात. इकडे ऋणकोला खातेउतारा देण्याची सक्ती 1934 च्या मध्य प्रांत-वऱ्हाड सावकारी कायद्याने केली.

आता उधारीची वही तुमच्या गल्ल्यात आहे. शटर ओढण्याआधी रोजमेळ लिहा: सकाळची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च. गल्ल्यातली रोकड तेवढीच भरली पाहिजे. मग उधारीचे आकडे खतावणीत, ज्याच्या-त्याच्या नावावर. आणि त्या पानाचा फोटो त्याच दिवशी गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर.