लाँचची खिडकी गळतेय? पावसाळ्याआधी असं करा पक्कं काम

सातारा : कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोली, तापोळा भागात लाँच म्हणजे गावाची एसटीच. बाजार, दवाखाना तिच्यावरच. जुन्या लाँचची खिडकी गळू लागली की पाणी चौकटीमागच्या प्लायवूडमध्ये मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. वरून सिलिकॉन फासून उपयोग नाही, काच काढावीच लागते.

१. आधी गळती शोधा. एकानं आत बसावं, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं खालून वर पाणी मारावं.

२. काच काढून जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा. कुजलेलं प्लायवूड बदला. स्क्रूची जुनी भोकं इपॉक्सीनं भरा.

३. ॲक्रेलिकची काच असेल तर थिनर लावू नका, तडे जातात. साबणाच्या पाण्यानं पुसा. ऊन लागलं की ॲक्रेलिक फुगतं, म्हणून स्क्रूची भोकं थोडी मोठी ठेवा.

४. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲल्युमिनियमच्या चौकटीला खातं. दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉन मागा.

५. स्क्रू एकदम आवळू नका, सगळं सिलिकॉन बाहेर येतं. आधी हलके लावा, सिलिकॉन वाळल्यावर थोडे आवळा. मग पुन्हा पाणी मारून बघा.

खिडकी पक्की झाली म्हणून जादा माणसं घेऊ नका. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला.